एका गाईच्या तीन बाटल्या

शालूताईचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. ती शांत होती. "मंदा, हे गेले," म्हणाली, "पहाटे झोपेतच. चहाला उठवायला गेले तर..." फोन ठेवला, सूप बाजूला सारलं... आणि आता पंचाहत्तरी ओलांडल्यावर खोटं कशाला बोलू, माणूस गेल्याचं कळल्यावर मनात पहिल्यांदा जे यायला हवं ते आलंच नाही. मनात आलं, बरं झालं बाई, सांगून टाकलं होतं. रडू नंतर आलं, दुपारी, आणि तेही भलत्याच वेळी, शेजारीण खरवसाची वाटी घेऊन दारात उभी असताना. तिला वाटलं, मला खरवस चालत नाही.

गेले ते डॉक्टर अच्युतराव. रोह्याचे गुरांचे डॉक्टर, शालूताईचे यजमान. आमच्याकडे त्यांना 'रक्तवाला डॉक्टर' म्हणत, कारण नोकरी सांभाळून उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी आमच्या गावठी गाईंचं रक्त मोजण्यात घातलं. आणि मी काय केलं होतं, तर त्यांना एकाच गाईचं रक्त तीन गाईंचं म्हणून देऊन मोकळी झाले होते. त्यांच्या मोजणीत माझं खोटं शिरलंय आणि आतून सगळंच नासवतंय, ही टोचणी मी पन्नासहून जास्त वर्षं बाळगली. नात म्हणते, "आजी, गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं असतं, स्वतःबद्दल नाही." तिला म्हटलं, जरा दम धर, माणूस त्यातूनच येणार आहे.

तेव्हा रोह्याला रेल्वे पोचली नव्हती. डॉक्टर एसटीने गडबला उतरायचे आणि तिथल्या एका दुकानात ठेवलेली सायकल घेऊन आतल्या गावांत फिरायचे. आमचं गाव त्यातलंच, हमरस्ता सोडून डोंगराच्या बाजूला. भात, भातामागून वाल, आणि घरटी दोन-चार गाई. गाई कसल्या, कमरेएवढ्या. कोणी तांबडी, कोणी काळी, कोणी दोन्ही रंग अंगावर सांडल्यासारखी. दूध बेताचं, पण उन्हात तापलेल्या कातळावरून अशा चढायच्या की बघणाऱ्याला धाप लागावी. त्यांची जात कोणती असं कोणी विचारलं तर आम्ही हसायचो. जात कसली, गावठी. पुढे फार वर्षांनी त्यांना 'कोकण कपिला' असं नाव मिळालं, त्यांचीही एक जात आहे असं कागदावर आलं. पण तेव्हा त्यांना जात आहे असं म्हणणारा आमच्या माहितीतला एकच माणूस होता, आणि तो सायकलवरून पडून पडून यायचा, कारण आमच्या बांधांवरून सायकल चालवायची नसते हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्यांदा ते आमच्या ओटीवर आले तो दिवस मला आठवतो. सासूबाईंचा बैल त्यांनी आदल्या वर्षी वाचवला होता, म्हणून त्यांना पाट आणि गूळपाणी मिळालं. त्यांनी रक्ताचा विषय काढताच सासूबाई म्हणाल्या, "रगत कशाला काढतोस रे बाबा? गाईचा दूध काढतात."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांची ही एक गोष्ट मला नंतर फार आवडायला लागली, अडाणी प्रश्नालाही ते पूर्ण उत्तर द्यायचे. म्हणाले, "आजी, पुस्तकात लिहिलंय की निरोगी गाईच्या रक्तात लाल कण इतके हवेत, पांढरे तितके हवेत. पण ते पुस्तक लिहिलं दुसऱ्याच मुलखातल्या मोठाल्या गाईंवरून. त्या मापानं बघितलं तर तुमची एकेक गाय आजारी ठरते. आणि ती तर डोंगर चढून चरून येते."

सासूबाई म्हणाल्या, "मग पुस्तकच आजारी म्हण ना."

हे वाक्य डॉक्टरांनी जन्मभर वापरलं, आणि दरवेळी सासूबाईंच्या नावावर वापरलं. त्यांना आमच्या गाईंसाठी आमच्याच गाईंचं माप तयार करायचं होतं. त्यासाठी खूप गाईंचं रक्त हवं होतं, गाव गाव फिरून घेतलेलं, आणि प्रत्येक गाय खरी हवी होती. सासूबाईंना ते पटलं. पुढच्या आठवड्यात त्यांना नागोठण्याला लेकीकडे जायचं होतं. जाताना मला बजावलं, "मंदे, डागतर येल. तिन्ही गाई दाव त्याला. शानपना नको करू गो."

आता शहाणपणा करू नको असं ज्या सुनेला सांगावं लागतं, ती काय करणार हे उघडच आहे. मी तेव्हा बाविशीची. सातवी पास, म्हणजे माझ्या मते गावातली सगळ्यात शिकलेली बाई. माहेर हमरापूरचं, गणपती रंगवणाऱ्यांच्या घरातलं. बापाने मला गणपतीचे डोळे कधी रंगवू दिले नाहीत, पण उंदीर, पाट आणि मोदक सगळे माझ्याकडे. त्यामुळे आपल्या हातात मोठी कला आहे आणि सासरी तिचं चीज होत नाही, असं एक दुःख मी बरोबर घेऊन आले होते. भरीला गावात बोललं जायचं की रक्त काढलं की गाभण गाय गाभ टाकते, आटलेली गाय पुन्हा पान्हावत नाही, आणि ते रक्त म्हणे मुंबईला विकतात. मी या सगळ्यावर विश्वास ठेवला होता. नुसता ठेवला नव्हता, पाणवठ्यावर त्यात थोडी भरही घातली होती.

आमच्या तीन गाईंपैकी एक गाभण होती, माझी लाडकी. दुसरी होती पहिलारू कालवड, वाऱ्यालाही बुजणारी. या दोघींना सुई लागू द्यायची नाही असं मी ठरवलं. उरली ती तिसरी, तांबडी, म्हातारी, स्वभावाने एखाद्या देवळासारखी थंड. डॉक्टर यायच्या आधी मी त्या दोघींना पेंढ्याच्या उडवीमागे नेऊन बांधलं आणि पुढ्यात वालाचा पाला टाकला, म्हणजे तोंडं बंद राहतील. मग माहेराहून आणलेल्या रंगांच्या पुड्या काढल्या आणि वाटीत डिंक भिजवला.

पहिल्या खेपेला म्हातारी जशी होती तशीच आणली. डॉक्टरांनी मानेच्या डाव्या बाजूची शीर चाचपली, सुई घातली, बाटली भरून घेतली. रक्त गोठू नये म्हणून बाटलीत आधीच औषधाची चिमूट होती. हे सगळं मी बघतच नव्हते, मी मनात रंग कालवत होते.

"नाव काय हिचं?" त्यांनी विचारलं.

गाईचं खरं नाव परक्या माणसाला सांगू नये, दृष्ट लागते, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हटलं, "गंगा."

मग त्यांना ओटीवर बसवून चहा दिला, पोह्याचे पापड भाजून दिले आणि सांगितलं, "दुसरी जरा रागीट हाय, तिला समजवून आनते, तुमी बसा." गोठ्यामागे जाऊन म्हातारीच्या कपाळावर पांढरा चांद काढला, पुढचे दोन पाय गुडघ्यापर्यंत पांढरे केले, गळ्यातलं दावं बदललं. मी सांगते, चांद सुरेख जमला होता. कडेला जरा फिकट, मध्ये दाट, अगदी जन्मापासूनचा वाटावा असा. या खेपेला तिला उलटी उभी केली, म्हणजे उजवी मान पुढे. ही यमुना. डॉक्टर चष्मा पुसत होते. तो घामाने सारखा धुरकटायचा, आणि माझी सगळी भिस्त त्याच घामावर होती.

तिसऱ्या खेपेला मात्र कलेची कसोटी लागली. गाय काळी करायची होती. चुलीवरची काजळी आणि खोबरेल तेल घेऊन मी तिची पाठ माखली, मान माखली, कपाळावरचा चांदही माखला, तो राखाडी झाला. कान राहिले तांबडे. त्यातून म्हातारीला रंगाची चव आवडली असावी, ती पुढचे पाय चाटत सुटली होती. डॉक्टर दुसरा चहा संपवून उठले तेव्हा मी तिला ओढत आणत होते. खरं तर ओढावं लागलंच नाही. तिला सवय झाली होती. ती आपणहून नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली आणि मान पुढे केली.

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. "फार शहाणी गाय आहे," म्हणाले. "पहिल्यांदाच टोचून घेतेय असं वाटतच नाही."

मी खूश. "आमच्याकडच्या सगळ्याच शहान्या."

"नाव?"

इथे मात्र मी अडखळले. दोन नद्या देऊन झाल्या होत्या. "गोदावरी," म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं, अगदी थोडंसं रक्त काढलं, बोटाला लागलेलं काळं रुमालाला पुसलं. बाटल्या थर्मासमध्ये ठेवल्या. त्यात पेणच्या मासळीबाजारातून आणलेला बर्फ असायचा, म्हणून त्यांच्या पिशवीला कायम सुरमईचा वास. रक्त त्याच दिवशी मोजावं लागतं म्हणून ते घाईने एसटी गाठायला निघाले. जाताना म्हणाले, "वहिनी, गोदावरीला रात्री गुळाचं पाणी पाजा. तिघींच्या वाटणीचं." मला वाटलं, माणूस बोलताना चुकला.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो खूप हसला आणि म्हणाला, "हातात कला हाय तुझ्या. डोक्यात तेवडा भुसा." दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. गाय बघून विचारलं, "ही काली कशान झाली गो?" म्हटलं, "धुरान." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि गाय धुवायला लावली. तीन पाण्यांनी धुतली तरी ती गाय गणपती येईपर्यंत जरा सावळीच होती.

पुढे जे झालं ते मी योजलेलं नव्हतं. मंदाने तिन्ही गाई दिल्या आणि तिच्या गाभण गाईला काही झालं नाही, ही बातमी गावभर गेली. झालंच नव्हतं, कारण तिला सुई लागलीच नव्हती, पण ते मला ठाऊक. बायकांनी माझ्याकडे बघून आपापल्या गाई बाहेर काढल्या. डॉक्टर वर्षभर येत राहिले. आमच्या गावातून शेजारच्या गावात, तिथून खाडीकडच्या मिठागरवाल्यांच्या गावात. मी त्यांच्यासमोर यायचं टाळायचे. तरी ते आलेच की ओटीवर बसून विचारायचे, "गंगा, यमुना, गोदावरी बऱ्या आहेत ना?" आणि मी आतून "व्हय, बऱ्या हायत" म्हणायचे.

तोवर मला त्यात फक्त गंमत वाटत होती. गंमत संपली ती कालवड आजारी पडली तेव्हा, तीच ती बुजरी. अंगावर गोचीड, ताप, खाणं सुटलेलं. बाजूच्या गावात औषधं विकणारा एक जण होता. त्याने तिचं रक्त कुठून तरी तपासून आणलं आणि सांगितलं, "रक्त पार संपलंय, पुस्तकाच्या निम्म्यावर आलंय. ही जगत नाय. खर्च करू नका." नवऱ्याने मान खाली घातली. मी रोह्याला निरोप धाडला. डॉक्टर आले, कागद बघितला, कालवडीची खालची पापणी ओढून आतला रंग बघितला, हिरड्या बघितल्या. मग पिशवीतून आपली वही काढून पान शोधलं. "पुस्तकाच्या मापानं ही मेलेली आहे," म्हणाले. "हिच्या आया-मावश्यांच्या मापानं आजारी आहे, पण जगेल. एवढ्या रक्तावर या गाई तग धरतात. मी मोजलंय."

त्यांनी 'मी मोजलंय' म्हटलं आणि मी कालवडीचं दावं घट्ट धरलं. कारण त्या आया-मावश्यांत गंगा, यमुना आणि गोदावरी होत्या. मापात माझी काजळी होती. डॉक्टर त्या वहीवर विसंबून औषध किती द्यायचं ते ठरवत होते, आणि ती वही मी खोटी करून ठेवली होती. पाच दिवस मी गोठ्यातून हलले नाही. सांगावं असं दहादा ओठांवर आलं, पण शेजारी सासूबाई बसलेल्या... सहाव्या दिवशी कालवडीने पेंढ्याची काडी ओढली. सगळ्यांना आनंद झाला. मला एवढंच कळलं की या वेळी निभावलं. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाच्या गोठ्यात, दुसऱ्या कोणाची गाय... ती माझ्यामुळे गेली तर मला कळणारसुद्धा नाही.

त्यात भर घातली डॉक्टरांनीच. पेणला, रोह्याला गुरं पाळणाऱ्यांचे मेळावे भरायचे आणि डॉक्टर त्यात बोलायचे. गावच्या बायकांना घेऊन जायचं काम माझ्याकडे आलेलं. सातवी पास ना मी. एकदा पेणच्या मेळाव्यात त्यांनी सांगितलं, "गडबकडच्या एका घरात मी तीन गाई बघितल्या. एक तांबडी, एक चांदवाली, एक काळी. रक्त मोजलं, तर काय सांगू, जणू एकच गाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. या गाईंचं रक्त किती अस्सल, असा त्यांनी अर्थ घेतला. डॉक्टरांनी चष्म्यावरून थेट माझ्याकडे बघितलं. मी पायाच्या अंगठ्याने सतरंजी उकरत होते. शेजारी शालूताई बसली होती, कौतुकाने तिचा चेहरा फुललेला. आमची ओळख तिथलीच. तिने मला सांगितलं की ते सगळं रक्त ती मोजते, घरी, स्वयंपाकघरात, खिडकीच्या फळीवर, उजेडात. नवऱ्याने सूक्ष्मदर्शक दाखवला, बारीक चौकटी आखलेली काच दाखवली, आणि ती शिकली. मोजता मोजता आकडा हरवू नये म्हणून शंभर कण झाले की वाटीत एक वाल टाकायचा. शेवटी वाल मोजायचे आणि संध्याकाळी त्याच वालांचं बिरडं. मला ती फार आवडली. आणि जितकी ती आवडत गेली तितकं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता मी एकाला नाही, दोघांना फसवलेलं होतं. ते 'जणू एकच गाय' मी त्यानंतर किती मेळाव्यांत ऐकलं याला गणती नाही. दरवेळी तोच चष्मा, आणि दरवेळी मी सतरंजी उकरतेय.

वर्षं गेली. कंपन्या आल्या, नवरा शिफ्टला जायला लागला, गोठा आधी अर्धा आणि मग पडवीएवढा झाला. सासूबाई गेल्या, नवरा गेला. डॉक्टर निवृत्त होऊन रोह्यातच राहिले. मग यंदा थंडीत शालूताईने फोनवर सहज सांगितलं, "यांच्या जुन्या वह्या न्यायला पशुवैद्यक कॉलेजातली मंडळी येणार आहेत. छापणार म्हणतात. खूश आहेत अगदी, पण तब्येत... तू येऊन जा एकदा."

छापणार. म्हणजे माझ्या तीन नद्या आता पुस्तकात जाणार, आणि पुढचे डॉक्टर त्यांच्यावरून गाई जगतील की मरतील ते सांगणार. मी दुसऱ्याच दिवशी पिशवीत वाल भरले आणि गाडीत बसले. रोह्यापर्यंत मनात वाक्यं जुळवत होते. नातीएवढी असताना कधी सासूबाईंना घाबरले नसेन इतकी घाबरले होते.

डॉक्टर पलंगावर उशांना टेकून बसले होते. खूप वाळले होते. मला बघून म्हणाले, "या वहिनी. गंगा, यमुना, गोदावरी?"

जुळवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "डॉक्टर, त्या तीन नव्हत्या. एकच होती. मी रंगवली होती."

शालूताई आत चहा टाकत होती, भांड्यांच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नसावं. मी बोलत सुटले. कालवड, गाभण गाय, काजळी, डिंक, सगळं. "छापायच्या आधी ते काढून टाका," म्हटलं, "माझं नाव घालून काढा पाहिजे तर."

डॉक्टर हसायला लागले. त्यांना हसायला श्वास पुरत नव्हता, मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "वहिनी," ते म्हणाले, "पन्नास वर्षं लावलीत. मला वाटलं, मी आधी जातो की काय." मग सावकाश, एकेक घोट पाणी घेत सांगितलं. दुसऱ्या खेपेला त्यांना नुसती शंका होती. तिसऱ्या खेपेला गोदावरीच्या मानेवर यमुनेच्या सुईची खूण होती, ताजी, ठिपका अजून ओला. आणि उडवीमागे एक शेपूट माश्या वारत होतं. "तुम्हाला तिथेच पकडलं असतं तर पुन्हा त्या गावात मला कोणी गाय दाखवली असती का? म्हटलं, एवढी मेहनत घेतलीय बाईंनी, चांद तर काय सुंदर काढला होता... घेतलं रक्त. वहीत मात्र एकच गाय आहे. तांबडी, म्हातारी, गडबकडची. बाकीच्या दोन कधी धरल्याच नाहीत."

मी पलंगाच्या कडेवर बसले. म्हणजे कालवडीला औषध दिलं ते खऱ्या मापाने होतं. सगळंच खरं होतं, पहिल्यापासून. "मग ते मेळाव्यात?" मी विचारलं.

"तुम्ही समोर असलात तरच सांगायचो. वाटायचं, आज तरी उठून बोलतील."

"आणि मी सतरंजी उकरत बसायचे."

"हो. फार मजा यायची."

"पण मग बाकीच्या दोन बाटल्या फेकून का नाय दिल्या?" माझं आपलं शंका काढणं.

डॉक्टरांनी दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वरचे साहेब मला म्हणाले होते, स्वयंपाकघरात बायकोनं मोजलेले आकडे मी पुढे पाठवणार नाही. राग आला होता मला. पण खरं सांगतो वहिनी, शंका माझ्याही मनात होती. म्हणून त्या तीन बाटल्या तीन गाई म्हणून हिच्यापुढे ठेवल्या. हिनं मोजल्या. तीनही जवळजवळ सारख्या आल्या. त्यानंतर मी कधी तिचं मोजलेलं पुन्हा मोजलं नाही. सगळे तक्ते पाठवले, भांडून पाठवले. तुम्ही नसतात तर ते धाडस मला..."

"तीन बाटल्या एकाच गाईच्या होत्या?"

दारात शालूताई उभी होती, हातात गाळणी. चहा गाळणीतून जमिनीवर ठिबकत होता.

"तू पास झालीस की," डॉक्टर म्हणाले.

"माझी परीक्षा घेतलीत. आणि मला सांगितलंही नाहीत."

"सांगितलं असतं तर पुढे प्रत्येक बाटलीकडे तू संशयानं बघितलं असतंस."

"तुम्ही बघत होतात तसं."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला. डॉक्टर मला हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही आलात, बरं झालं. हे तिला सांगायचं माझ्याकडूनही राहिलंच होतं." मग थोड्या वेळाने, "त्या गाईचं खरं नाव काय होतं? त्या नद्यांची नावं वहीत उतरवलीच नाहीत, तेवढी एक जागा रिकामी आहे."

"ठमी," मी सांगितलं. आता कोणाची दृष्ट लागणार होती तिला. त्यांनी उशाखालची पेन्सिल काढली. वही मला धरायला लावली. नाव सुबक लिहिलं.

परतीच्या प्रवासात मी गाडीत हसत होते. समोरच्या बाईने आपलं पोर जवळ ओढून घेतलं. त्यानंतर काही आठवड्यांनी फोन आला, तो सुरुवातीला सांगितलाच.

दिवसकार्य उरकल्यावर, गर्दी ओसरल्यावर मी पुन्हा रोह्याला गेले. वह्या कॉलेजात गेल्या होत्या. सूक्ष्मदर्शक तर फार आधीच, डॉक्टर निवृत्त झाले तेव्हाच कोणाला तरी देऊन टाकलेला. शालूताई स्वयंपाकघरात होती. ती बरी दिसत होती, थोडी रागावलेलीही, पण ज्याच्यावर रागावायचं तो माणूस हाताशी नसला की राग जसा दिसतो तसा. "त्या दिवशी तू गेल्यावर दोन दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी," म्हणाली. "तिसऱ्या दिवशी म्हणाले, चल, भांडून तरी घे. मग भांडलो. चांगलं तासभर भांडलो... बरं झालं तेवढं तरी झालं."

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

"तुझ्यामुळेच. आणखी कोणामुळे." ती ओट्यापाशी उभी राहून नारळ खवत होती. मग पाठमोरीच म्हणाली, "तीन वेळा मोजलं मी तिला, मंदा. कोणी न सांगता. तीनही वेळा बरोबर मोजलं."

"व्हय," मी म्हटलं.

मी आणलेले वाल घेऊन उभी होते. ओट्यावर जागा नव्हती, जमिनीवर नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या पसरलेल्या. पूर्वेच्या खिडकीची रुंद फळी तेवढी मोकळी होती, स्वच्छ पुसलेली, इतक्या भरलेल्या स्वयंपाकघरात एक बरणीसुद्धा तिथे नव्हती. मी पिशवी तिथे ठेवली.

शालूताईने वळून बघितलं. "तिथे नको गं," म्हणाली, "उजेड अडतो."